उडीनंतर काय झालं?

सावरकरांची उडी माहीत नाही असा मराठी माणूस शोधून सापडणार नाही. मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये, तरी उडी मलाही तोंडपाठ होती, कारण ती मी पुस्तकात वाचली नव्हती, आजोबांकडून ऐकली होती. आजोबांच्या गोष्टीत समुद्र नेहमी खवळलेला असायचा आणि दर वेळी पोहण्याचं अंतर थोडं वाढायचं. गोष्ट संपायची मात्र एकाच ठिकाणी. किनाऱ्यावर पकडलं, परत बोटीवर नेलं, मग काळं पाणी. बस्स.

पण उडी ८ जुलै १९१० ची आणि अंदमानात पाऊल पडलं ४ जुलै १९११ ला. मधल्या वर्षभरात काय झालं हे फारसं कुणी सांगत नाही. या काळात इंग्लंड आणि फ्रान्स हे दोन बडे देश एका सत्तावीस वर्षांच्या मराठी मुलावरून भांडले, प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेलं आणि तिथे लागलेला निकाल आजही इंटरनॅशनल लॉच्या पुस्तकांत शिकवला जातो. मला या भागाबद्दल लिहायचं आहे. आमच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये बातम्या लागल्या की कुणीतरी हमखास विचारतं, अमुक माणूस लंडनमध्ये मजेत फिरतोय, मग आपले पोलिस जाऊन त्याला उचलून का आणत नाहीत? या प्रश्नाचं उत्तर सावरकरांच्या केसमध्ये आहे, फक्त तिथे ते उलट्या बाजूने दिसतं.

आधी माणूस. विनायक दामोदर सावरकर यांचा जन्म २८ मे १८८३ चा, नाशिकजवळच्या भगूरचा. ते नऊ वर्षांचे असताना आई कॉलऱ्याने गेली, सोळाव्या वर्षी वडील प्लेगने गेले. पुढे घर सांभाळलं ते थोरले भाऊ बाबाराव आणि येसूवहिनी यांनी. नाशिकला 'मित्रमेळा' निघाला, त्याचंच १९०४ मध्ये 'अभिनव भारत' झालं. लग्न १९०१ मध्ये झालं आणि पुढच्या शिक्षणाच्या खर्चाला सासऱ्यांनी मोठा हातभार लावला. १९०२ मध्ये ते पुण्याला फर्ग्युसनमध्ये आले आणि हॉस्टेलवर राहू लागले.

इथे हॉस्टेलवाल्यांनी जरा लक्ष द्यावं! १९०५ च्या ऑक्टोबरमध्ये बंगालच्या फाळणीच्या निषेधात पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली. त्यात सावरकर पुढे होते. शिक्षा म्हणून कॉलेजने दहा रुपये दंड केला आणि हॉस्टेलमधून बाहेर काढलं. प्रिन्सिपल होते रँग्लर परांजपे, म्हणजे केंब्रिजला गणितात पहिले आलेले. दहा रुपये तेव्हा काही किरकोळ रक्कम नव्हती. आपण इथे मेसचा दंड भरताना किती कुरकुरतो ते आठवा.

बी.ए. झाल्यावर श्यामजी कृष्णवर्मा यांची शिष्यवृत्ती मिळाली आणि जून १९०६ मध्ये ते बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला निघाले. राहायला हायगेटमधलं 'इंडिया हाऊस', शिकायला ग्रेज इन. दिवसा कायदा आणि उरलेल्या वेळात क्रांती, असा एकूण टाइमटेबल होता. मॅझिनीचं चरित्र मराठीत केलं. १८५७ वर मोठा ग्रंथ लिहिला, त्यावर सरकारने छापून होण्याआधीच बंदी घातली. शेवटी त्याचं इंग्रजी भाषांतर १९०९ मध्ये हॉलंडमध्ये छापून घ्यावं लागलं. म्हणजे पुस्तकालासुद्धा सीमा ओलांडाव्या लागल्या. सावरकर कायद्याचे विद्यार्थी होते हे पुढच्या गोष्टीसाठी विसरू नका.

१९०९ हे वर्ष त्यांच्या घरावर वाईट कोसळलं. छोटा मुलगा प्रभाकर इकडे वारला. जूनमध्ये बाबारावांना कविता प्रसिद्ध केल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कवितांबद्दल जन्मठेप! १ जुलैला लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायलीला गोळ्या घातल्या. धिंग्रा तिथे आपल्यासारखेच इंजिनिअरिंग शिकत होते, मेकॅनिकल. १७ ऑगस्टला त्यांना फाशी झाली. आणि २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या. बाबारावांवरचा खटला याच जॅक्सनने पुढे चालवायला पाठवला होता. वापरलेलं पिस्तूल ब्राउनिंगचं. तशी वीस पिस्तुलं सावरकरांनी लंडनहून चोरून पाठवली होती आणि हे त्यातलंच एक निघालं. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना एप्रिल १९१० मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. कान्हेरे तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे होते.

हे लिहिताना मी थोडी थांबले. जॅक्सन हा संस्कृत जाणणारा माणूस होता, तो नाटक बघायला आला होता आणि मारला गेला. मारणारा पोरगा आपल्या फर्स्ट इयरच्या वयाचा. यावर आमच्या रूममध्ये रात्री दोनपर्यंत वाद झाला आणि तो मिटला नाही. इथेही मी तो मिटवायला बसलेली नाही.

तर सावरकर १९१० च्या सुरुवातीला पॅरिसला गेले होते. तिथे ते सुरक्षित होते. पण मित्रांचं न ऐकता परतले आणि १३ मार्च १९१० ला लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर उतरताक्षणी पकडले गेले. आरोप होते राजाविरुद्ध युद्ध पुकारणं, शस्त्रं पुरवणं, खुनाला मदत, राजद्रोही भाषणं.

आता कायद्याचा भाग येतो, तो मी सोपा करून सांगते.

एका देशातला आरोपी दुसऱ्या देशात सापडला तर त्याला मागून घेण्याची एक रीत असते. तिला प्रत्यार्पण म्हणतात, म्हणजे पेपरात येतं ते एक्स्ट्रॅडिशन. त्यासाठी दोन देशांत करार लागतो, कागदपत्रं लागतात, कोर्टात सुनावणी होते. आणि त्यात एक महत्त्वाची खिडकी ठेवलेली असते. गुन्हा राजकीय स्वरूपाचा असेल तर माणूस परत द्यायचा नाही. इंग्लंडच्या १८७० च्या एक्स्ट्रॅडिशन कायद्यात ही खिडकी होती. युरोपातले कितीतरी बंडखोर याच नियमावर लंडनमध्ये वर्षानुवर्षं राहिले.

मग सावरकरांना ही खिडकी का मिळाली नाही? कारण त्यांच्यावर तो कायदा लावलाच नाही. त्यांना लावला १८८१ चा फ्युजिटिव्ह ऑफेंडर्स अ‍ॅक्ट, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात पळालेल्या गुन्हेगारांचा कायदा. लंडन आणि मुंबई एकाच राजाची, तेव्हा दोघांमध्ये सीमाच नाही, मग करार कसला आणि राजकीय गुन्ह्याची सवलत कसली? त्या कायद्यात ती तरतूदच नव्हती. म्हणजे फ्रान्सच्या किंवा इटलीच्या बंडखोराला लंडनमध्ये जे संरक्षण होतं ते हिंदुस्थानच्या बंडखोराला नव्हतं. शिवाय 'फ्युजिटिव्ह' म्हणजे पळालेला. सावरकर कुठून पळाले होते? ते १९०६ पासून लंडनलाच राहत होते आणि जॅक्सनच्या खुनाच्या दिवशी नाशिकपासून हजारो मैल लांब होते. तरीसुद्धा बो स्ट्रीटच्या मॅजिस्ट्रेटने १२ मेला त्यांना हिंदुस्थानात पाठवायचा हुकूम दिला आणि वरच्या कोर्टांतली अपिलंही गेली. मुंबईत का न्यायचं, तर तिथे खास कायद्याखाली तीन न्यायाधीशांचं स्पेशल ट्रायब्युनल बसणार होतं. त्यात ज्युरी नाही आणि निकालावर अपील नाही. लंडनमध्ये खटला चालला असता तर बारा इंग्रज ज्युरींपुढे चालला असता.

१ जुलैला 'मोरिया' नावाची पी अँड ओ कंपनीची बोट त्यांना घेऊन निघाली. बरोबर एक स्कॉटलंड यार्डचा अधिकारी, एक मुंबई पोलिसांचा आणि हिंदी शिपाई होते. बोट वाटेत फ्रान्सच्या मार्सेल बंदरात थांबणार होती. इंग्रजांनाही धोका दिसत होता. म्हणून २९ जूनलाच लंडनच्या पोलिसप्रमुखांनी पॅरिसच्या पोलिसप्रमुखांना पत्र पाठवलं होतं की अमुक नावाचा कैदी अमुक बोटीतून ७ किंवा ८ जुलैला मार्सेलला येणार आहे. त्यावरून ४ जुलैला पॅरिसहून मार्सेलच्या प्रिफेक्टला तार गेली. युरोपात असलेले हिंदी क्रांतिकारक त्याला सोडवायला येतील, तर बंदोबस्त ठेवा, असा त्या तारेचा आशय होता. पॅरिसहून लंडनला लेखी उत्तर आलं, मार्सेलला काही गडबड होऊ नये म्हणून सूचना दिल्या आहेत, असं. त्या उत्तरावरची तारीख ९ जुलै होती, म्हणजे उडीच्या दुसऱ्या दिवसाची. सरकारी पत्रव्यवहाराचा वेग बघा.

ही पत्रं महत्त्वाची आहेत, कारण पुढे सगळा निकाल यांच्यावरच फिरला. तेव्हा इंटरपोल नव्हतं. पोलिसांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद मोनॅकोला भरली ती १९१४ मध्ये आणि इंटरपोलचा पाया घालणारी संघटना व्हिएन्नाला सुरू झाली १९२३ मध्ये. त्याआधी सगळं असंच चालायचं. या साहेबाने त्या साहेबाला पत्र टाकायचं, त्याने तार करायची, तारेतला अर्धा मजकूर बंदरावरच्या शिपायापर्यंत पोचायचा. आणि या सगळ्यात कुणीच एक प्रश्न लिहून ठेवला नव्हता, की माणूस खरंच बोटीवरून सुटून फ्रान्सच्या जमिनीवर आला तर करायचं काय?

८ जुलैच्या सकाळी सावरकरांनी शौचाला जायचं म्हणून सांगितलं, आतून दार लावलं आणि बोटीच्या गोल खिडकीतून अंग बाहेर काढलं. ती खिडकी किती लहान असते हे बोटीत बसलेल्यांना माहीत असेल. बोट बंदरातच होती. आजोबांच्या समुद्राइतकं पोहावं लागलं नाही, पण धक्क्याची भिंत चढून वर यावं लागलं आणि मग पळावं लागलं. कायद्याच्या विद्यार्थ्याचा हिशोब सरळ होता. बोटीवर इंग्लंडची सत्ता, धक्क्यावर फ्रान्सची. इथून त्यांना परत न्यायचं तर प्रत्यार्पणाचा करार काढावा लागणार, फ्रेंच अधिकाऱ्यांपुढे जावं लागणार आणि राजकीय गुन्ह्याची ती खिडकी उघडणार. बोटीची खिडकी ओलांडून ते कायद्याच्या खिडकीपर्यंत पोचले होते. फक्त ती उघडून देणारा माणूस समोर यायला हवा होता.

समोर आला पेस्किये नावाचा फ्रेंच सागरी पोलिसदलातला जमादार. त्याने भिजलेला माणूस पळताना पाहिला आणि बोटीवरचे लोक मागून ओरडत येताना पाहिले. त्याने साहजिकच पळणाऱ्याला पकडलं. सावरकरांचं म्हणणं होतं की मला तुमच्या मॅजिस्ट्रेटपुढे न्या. पण त्यांना फ्रेंच येत नव्हतं आणि जमादाराला इंग्रजी. बोटीवरून आलेले तिघे हात लावायला होतेच. काही मिनिटांत सावरकर पुन्हा 'मोरिया'वर. मादाम कामा आणि अय्यर त्यांना भेटायला मार्सेलला येत होते, ते थोडक्यात उशिरा पोचले असं सांगतात. दुसऱ्या दिवशी बोट निघून गेली.

मला या जमादाराचा राग येत नाही. त्याला वरून सूचना होती ती कैदी पळू नये म्हणून बंदोबस्त ठेवायची. त्याने बंदोबस्त ठेवला! आश्रयाचा हक्क, सार्वभौमत्व, प्रत्यार्पणाचा करार हे शब्द त्या तारेत नव्हते. पण त्याच्या त्या दोन हातांनी एका माणसाची पुढची कितीतरी वर्षं ठरली.

बातमी फुटली आणि फ्रान्समध्ये गदारोळ झाला. 'ल्युमानिते' या समाजवादी वर्तमानपत्राने प्रकरण लावून धरलं. त्यात पुढे होते जाँ लाँगे, म्हणजे कार्ल मार्क्सचे नातू, स्वतः वकील. त्यांना सावरकरांचे विचार पटले असते की नाही हा वेगळा विषय. पण फ्रान्सच्या भूमीवर आलेल्या राजकीय आरोपीला एक जमादार परस्पर परकी पोलिसांच्या हवाली करतो म्हणजे काय, हा त्यांचा मुद्दा होता. फ्रेंच सरकारने इंग्लंडकडे सावरकरांना परत मागितलं. इंग्लंडने दिलं नाही. दोन्ही सरकारांची १९०४ पासून दोस्ती होती, जर्मनीविरुद्ध एकमेकांची गरज होती, भांडण वाढवायचं कुणालाच नव्हतं. म्हणून २५ ऑक्टोबर १९१० ला करार झाला की प्रश्न हेगच्या कायमस्वरूपी लवाद न्यायालयाकडे द्यायचा. प्रश्न एकच होता, आंतरराष्ट्रीय कायद्याप्रमाणे सावरकरांना फ्रान्सच्या ताब्यात परत द्यायला पाहिजे की नाही?

इकडे मुंबईत काय चाललं होतं? खटला सप्टेंबरमध्येच सुरू झाला होता. सावरकरांचं म्हणणं की माझी अटकच बेकायदेशीर, प्रकरण दोन सरकारांत चालू आहे, तुम्हाला माझा खटला चालवायचा अधिकार नाही. कोर्टाने ते धुडकावलं. आरोपी आमच्यापुढे कसा आणला गेला हे आम्ही बघत नाही, तो समोर उभा आहे एवढं पुरे, असा त्याचा सूर होता. २४ डिसेंबर १९१० ला पहिली जन्मठेप काळ्या पाण्याची, शिवाय सगळी मालमत्ता जप्त. जानेवारी संपता संपता जॅक्सन प्रकरणात दुसरी जन्मठेप. दोन्ही एकामागून एक भोगायच्या, म्हणजे पन्नास वर्षं. सुटकेचं साल १९६०. हेगला सुनावणीही सुरू झाली नव्हती, तोवर इथे हे सगळं होऊन गेलं होतं!

हेगला १४ फेब्रुवारी १९११ पासून चार दिवस काम चाललं. पाच लवाद होते. अध्यक्ष बेल्जियमचे माजी पंतप्रधान बेर्नार्ट, फ्रान्सचे लुई रेनो, इंग्लंडचे लॉर्ड डेसार्ट, नॉर्वेचे ग्राम आणि नेदरलँड्सचे लोमान. यातल्या बेर्नार्ट आणि रेनो यांना शांततेचं नोबेल मिळालेलं होतं. आणि ज्याच्याबद्दल हे सगळं चाललं होतं तो माणूस तिथे नव्हता. त्याला बाजू मांडायची सोयच नव्हती, कारण भांडण दोन देशांचं होतं. पक्षकार फ्रान्स आणि ब्रिटन, सावरकर म्हणजे फक्त वादातली वस्तू. ते तेव्हा मुंबईला डोंगरीच्या तुरुंगात होते.

२४ फेब्रुवारीला निकाल लागला. लवादाचं म्हणणं थोडक्यात असं की दोन्ही पोलिसांत आधीच पत्रव्यवहार झाला होता, कैदी पळू नये यासाठी फ्रेंच पोलिस मदत करणार हे ठरलेलंच होतं. ब्रिटिश पोलिसांनी फसवणूक केली नाही, बळजबरी केली नाही, सगळे चांगल्या हेतूने वागले. सावरकरांना पकडून परत देण्यात अनियमितता झाली, हे मान्य. पण परक्या देशाच्या अधिकाऱ्याने चूक केली म्हणून हाती आलेला कैदी परत द्यायलाच हवा, असा काही नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. सबब ब्रिटनने सावरकरांना परत द्यायचं कारण नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर व्हायवाला सर म्हणतात, प्रोसिजर चुकली आहे, पण रीडिंग लिहून झालंय तर राहू दे. आपल्याला अशा वेळी बरं वाटतं. इथे मात्र त्या रीडिंगवर पन्नास वर्षं लिहिलेली होती.

हा निकाल मी पुन्हा पुन्हा वाचला आणि मला तो पटत नाही. एका कागदावर तो व्यवस्थित आहे, मान्य. पोलिसांनी एकमेकांना मदत करावी, ही काही वाईट गोष्ट नव्हे. चोर, खुनी, आता तर बँका बुडवणारे सीमा ओलांडून पळतात, त्यांना धरायचं तर असं सहकार्य लागतंच. पण मदत करायचं पत्र वेगळं आणि माणूस हवाली करायचा निर्णय वेगळा. पहिलं काम पोलिसाचं, दुसरं सरकारचं आणि कोर्टाचं. लवादाने पहिल्यात दुसरं घालून टाकलं. त्या वेळच्या अनेक कायदेपंडितांनीही या निकालावर टीका केली. नियमबाह्य पकडलेला आरोपी असला तरी खटला वैध, या तत्त्वाच्या चर्चेत पुस्तकांतून आजही सावरकर केस येते, ती या दोन्ही बाजूंनी येते.

इंटरपोलच्या घटनेच्या तिसऱ्या कलमात राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाच्या प्रकरणांत हात घालायला संघटनेला सक्त मनाई आहे. भारतापुरतं सांगायचं तर तो १८८१ चा कायदा स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं आपल्या पुस्तकात पडून होता. १९५४ मध्ये मद्रास राज्य विरुद्ध मेनन या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रजासत्ताक झाल्यावर आपण साम्राज्याचा भाग राहिलो नाही, तेव्हा तो आपल्याला लागू नाही. मग १९६२ मध्ये आपला स्वतःचा प्रत्यार्पण कायदा आला, त्यात राजकीय गुन्ह्याची खिडकी आहे. ब्रिटनशी करार १९९२ मध्ये झाला, फ्रान्सशी २००३ मध्ये. कॉमन रूममधल्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. लंडनमधल्या माणसाला उचलून आणता येत नाही, कारण तिथल्या कोर्टाने त्याला ऐकून घ्यायचं असतं. मला हव्या असलेल्या आरोपीच्या बाबतीत हा उशीर चीड आणतो. मार्सेलच्या धक्क्यावरच्या माणसाला तोच उशीर हवा होता, आणि तो त्याला मिळाला नाही.

अंदमानचं मी लांबवत नाही. कोलू, नारळाचा काथ्या, एकांतकोठडी, खडीबेडी हे आपण वाचलेलं असतं. बाबाराव आधीपासून त्याच तुरुंगात होते. सावरकरांनी तिथून सरकारला सुटकेचे अर्ज केले, १९११ मध्ये, १९१३ मध्ये आणि पुढेही. यावरून हल्ली फार भांडणं होतात. काहींना ती शरणागती वाटते, काहींना बाहेर पडायची चाल. अर्ज झाले ही वस्तुस्थिती आहे आणि ते उपलब्ध आहेत, ज्याने त्याने वाचावेत. माझं लक्ष एवढ्याकडेच जातं की हेगचा निकाल लागल्यावर अर्जाशिवाय दुसरं कुठलंही दार त्यांच्यासाठी उरलं नव्हतं. मुंबईच्या ट्रायब्युनलवर अपील नव्हतं. हेगवरही नव्हतं.

१९२१ मध्ये त्यांना हिंदुस्थानात आणलं. जानेवारी १९२४ मध्ये सुटका झाली ती अटींवर. रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही, राजकारण करायचं नाही. ही स्थानबद्धता १९३७ पर्यंत चालली. म्हणजे सत्तावीस वर्षांचा मुलगा पकडला गेला तो मोकळा फिरू लागला चोपन्नाव्या वर्षी. रत्नागिरीत त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध काम केलं, १९३१ मध्ये पतितपावन मंदिर सगळ्या जातींना खुलं झालं. भाषाशुद्धीचं कामही बरंच तिथलं. दिनांक, महापौर हे शब्द आपण वापरतो ते त्यांचे. माझ्या या लेखात इंग्रजी शब्द किती आहेत हे बघून त्यांनी कपाळाला हात लावला असता!

पुढे ते हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले. त्यांचं त्या काळातलं राजकारण मला सगळं पटतं असं नाही, आणि तो विषय एका लेखात बसणारा पण नाही. गांधीजींच्या खुनानंतर फेब्रुवारी १९४८ मध्ये त्यांना अटक झाली, लाल किल्ल्यात खटला चालला आणि फेब्रुवारी १९४९ मध्ये पुराव्याअभावी ते निर्दोष सुटले. त्यांच्या मृत्यूनंतर कपूर आयोगाने या प्रकरणाची पुन्हा चौकशी केली आणि आयोगाच्या १९६९ च्या अहवालाने तो वाद परत उघडला. त्यावर आजही दोन तट आहेत.

बॅरिस्टर ते कधीच झाले नाहीत. परीक्षा पास होऊनही ग्रेज इनने सनद दिली नाही. मुंबई विद्यापीठाची बी.ए.ची पदवीही शिक्षेनंतर काढून घेतली होती. ती विद्यापीठाने परत केली १९६० मध्ये, म्हणजे अंदमानच्या बिल्ल्यावर सुटकेचं जे साल कोरलेलं होतं नेमक्या त्याच वर्षी. ते तेव्हा दादरला शिवाजी पार्कजवळच्या आपल्या घरी राहत होते. त्याच घरात २६ फेब्रुवारी १९६६ ला प्रायोपवेशन करून त्यांनी देह ठेवला.